डागाभोवतीच्या रेघा: घरदुरुस्तीची वही, एप्रिल ते जुलै २०२५

१३ एप्रिल, रविवार

पावसाआधीच्या कामांची यादी दरवर्षी करते आणि दरवर्षी निम्मी कामं गणपतीपर्यंत तशीच राहतात. या वेळी तारखा टाकून लिहायचं ठरवलंय. हॉलचा पंखा पाचावर ठेवला तरी दोनावर असल्यासारखा फिरतो. फ्लशची टाकी भरून झाल्यावरही मधूनच सुस्कारे टाकते. हॉलच्या सरकत्या खिडकीतून गेल्या पावसाळ्यात पाणी आत आलं, सोफ्याच्या पाठीला अजून कुबट वास आहे. बाथरूमचं दार जुलैत लागत नाही. आणि बेडरूममधला डाग.

डागाबद्दल नीट लिहायला हवं, कारण त्याच्यावरून आमच्या बिल्डिंगमध्ये वर्षभर राजकारण झालंय. डोंबिवलीतली चार मजली जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. बेडरूम आणि बाथरूममधल्या भिंतीवर, सामान ठेवायच्या माळ्याच्या अगदी खाली, जेवणाच्या ताटाएवढा ओला डाग. गेल्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा दिसला. वरूनच पाणी येतंय हे बघणाऱ्या प्रत्येकाला लगेच पटलं, कारण वरच्या काका-काकूंचं बाथरूम बरोब्बर आमच्या बाथरूमवर आहे. मी सोसायटीला पत्र दिलं. सेक्रेटरी, एक प्लंबर आणि मी, असे तिघं वर गेलो. प्लंबरने नाणी ट्रॅपकडे बोट दाखवलं. (बाथरूमच्या जमिनीतलं पाणी जायचं तोंड. आपल्या न्हाणीवरून आलेला शब्द. इंग्रजी पुस्तकांत 'नहानी ट्रॅप' होऊन बसलाय आणि आपले प्लंबर त्याला 'नाणी' म्हणतात.) काकूंनी फारसं न बोलता फरशांचे सांधे उकरून पुन्हा भरून घेतले. सहा हजार रुपये गेले. दिवाळीपर्यंत आमचा डाग वाळला आणि सगळे म्हणाले, बघा, वरूनच होतं.

यंदा होळी झाली आणि डाग परत आला. त्याच जागी.

आज एवढंच केलं: पेन्सिलने डागाच्या कडेकडेने रेघ मारली आणि शेजारी '१३/४' लिहिलं. सासूबाई मागे उभ्या होत्या. "भिंतीवर रेघोट्या मारायचं वय आहे का तुझं?" म्हणाल्या.

१६ एप्रिल, बुधवार

पंखा. ऑफिसातून येताना कपॅसिटर आणला. पंखा गुणगुणतो पण वेग घेत नाही, किंवा हाताने ढकलल्याशिवाय सुरूच होत नाही, तेव्हा शंभरातल्या नव्वद वेळा दोष या काड्यापेटीएवढ्या डबीत असतो. जुन्या डबीवर २.५ (मायक्रोफॅरड) छापलेलं. दुकानदार म्हणाला, "ताई, ३.१५ घ्या ना, जास्त वारा येईल." घेतला नाही. पंख्याच्या गुंडाळीला जेवढा लागतो तेवढाच लावायचा, मोठा लावला की वारा थोडा वाढतो आणि मोटार तापते. ६० रुपये.

काम पाच मिनिटांचं आहे, पण एक गोष्ट बघून हात गार पडले. बटण बंद केलं, स्टुलावर चढले, वरची वाटी खाली सरकवली आणि सवयीने टेस्टर लावला. पेटला. दुसऱ्या तारेला लावला. तिथेही पेटला. बटण बंद असताना! जुन्या वायरिंगमध्ये कुणीतरी बटण फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रलवर (परतीची तार) टाकून ठेवलंय. म्हणजे बटण बंद केलं की पंखा थांबतो, वीज मात्र पंख्याच्या वाटीपर्यंत येऊन बसलेली असते. आमच्या घरात तीस वर्षं लोक बटण बंद करून पंखे पुसतायत.

खाली उतरले, एमसीबी, म्हणजे पंख्याच्या लाइनचं मुख्य बटण, पाडला, टेस्टर आधी वीज चालू असलेल्या, म्हणजे स्वयंपाकघराच्या सॉकेटमध्ये लावून तो चालतोय याची खात्री केली, मग पुन्हा वर. या वेळी अंधार. जुन्या कपॅसिटरची दोन टोकं प्लॅस्टिकच्या मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने एकमेकांना टेकवून रिकामा केला, दोन तारा सोडवल्या, नवा जोडला. यात उलट-सुलट काही नसतं, कुठलीही तार कुठेही चालते. पंखा पहिल्यासारखा फिरायला लागला तेव्हा टेबलावरचं विजेचं बिल उडून गॅलरीत गेलं.

बोर्डातली अदलाबदल मी करणार नाही. त्यासाठी इलेक्ट्रिशियनला बोलावलंय, आणि सगळेच बोर्ड तपासायला सांगितलेत.

चिरंजीवांचं म्हणणं, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) पंखा घ्या. हिशेब केला: आमचा ७५ वॉटचा, तो ३० वॉटचा, दिवसाचे १५ तास धरले तर महिन्याला साधारण २० युनिट वाचतात. मुद्दा बरोबर आहे. हा मेला की घेऊ.

२० एप्रिल, रविवार

डाग वाढला. आजची रेघ आधीच्या रेघेच्या बाहेर बोटभर.

आता गंमत अशी की काका-काकू गुरुवारी, १७ तारखेला, चिपळूणजवळ गावाला गेले. आंबे उतरवायला. निघताना काकूंनी जिन्यात मुद्दाम थांबून सांगितलं, "आमच्या घरातला पाण्याचा मेन कॉक बंद केलाय हो. उगाच तुमच्या भिंतीला त्रास नको." आवाज गोड होता. मी हसले, पण लागायचं ते लागलं.

वर पाणी बंद आहे. घराला कुलूप आहे. आणि डाग वाढतोय.

नवऱ्याचं मत: आधीचं मुरलेलं पाणी हळूहळू उतरत असेल. शक्य आहे. आठवडाभर थांबते. तोवर ॲल्युमिनियम फॉइलचा वहीच्या पानाएवढा तुकडा डागावर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावला. उद्या काढायचा. फॉइल भिंतीकडच्या बाजूने ओलं निघालं तर पाणी भिंतीतून येतंय, खोलीकडच्या बाजूने ओलं असेल तर हवेतला दमटपणा बसतोय.

२१ एप्रिल: भिंतीकडून ओलं. थेंब दिसण्याइतकं.

२७ एप्रिल, रविवार

तिसरी रेघ. आता भिंतीवर डोंगराच्या नकाशासारखं दिसतंय, एकात एक तीन गोल. नीट बघितलं तर गोल सगळ्या बाजूंनी सारखे वाढत नाहीयेत. खाली जास्त, बाजूंना कमी. आणि वरची कड माळ्याच्या लादीत जाऊन अडकते, म्हणून वर काय चाललंय ते आजवर कुणी बघितलंच नव्हतं.

म्हणून आज माळा उपसला. गणपतीचं मखर, दोन पिंपं, सासूबाईंची तांब्याची घंगाळं, एक मोडका पाळणा, चिरंजीवांच्या तिसरीच्या वह्या. दोन तास आणि तीस शिंका. सगळं बाजूला करून टॉर्चने मागची भिंत बघितली.

कोरडी. माळ्यापासून छतापर्यंतची सगळी भिंत खडखडीत कोरडी. छताच्या कोपऱ्यात कोळ्याचं जुनं जाळं, तेही धुळीने भरलेलं, कोरडं.

वरून येणारं पाणी छताला, तुळईला स्पर्श न करता थेट माळ्याच्या खाली कसं उगवेल? हा प्रश्न गेल्या वर्षी आम्हा तिघांपैकी एकाला तरी पडायला हवा होता. पत्र देण्याआधी मला तर नक्कीच.

रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या उलटा विचार केला. डाग केव्हा असतो? एप्रिल-मे. केव्हा वाळतो? पावसात हळूहळू, दिवाळीपर्यंत पूर्ण. म्हणजे बाहेरच्या पावसाचा संबंध नाही, उलटच आहे. वरच्यांचा नळ गळत असता तर बारा महिने गळला असता. मग आमच्या घरात असं काय आहे जे होळीनंतर सुरू होतं आणि पाऊस पडल्यावर बंद होतं?

शॉवर.

होळीनंतर आमच्याकडे गिझर बंद होतो. गिझरचं पाणी फक्त खालच्या नळाला आहे, म्हणून पावसाळ्यात आणि थंडीत सगळे बादलीने आंघोळ करतात. उन्हाळ्यात चिरंजीव शॉवरखाली उभे राहतात, आणि सीईटी संपल्यापासून तर मुक्कामालाच. शॉवरचा एल्बो, म्हणजे पाइपाचा काटकोनी सांधा, त्या भिंतीत कुठे आहे? पावणेसात फुटांवर. माळा सात फुटांवर.

उठून दिवा लावला आणि टेपने मोजलं. नवरा म्हणाला, "चोर आला का?"

१ मे, गुरुवार, महाराष्ट्र दिनाची सुट्टी

चाचणी. शॉवरचं पाणी भिंतीवर उडून फरशांच्या सांध्यांतून आत जातंय, की पाइपच गळतोय, हे वेगळं करायला हवं होतं. त्यासाठी शॉवरच्या तोंडाला जाड प्लॅस्टिकची पिशवी रबर बँडने बांधली, पिशवीचा खालचा कोपरा कापून बादलीत सोडला. आता भिंतीवर एक थेंबही उडत नाही. शॉवरच्या आर्मभोवती (भिंतीतून बाहेर येणारी नळी) भिंतीलगत एक स्टीलची चकती असते ना, ती हाताने पुढे ओढून घेतली. मग कॉक सोडला. दहा मिनिटांत अडीच बादल्या भरल्या (त्याच पाण्याने नंतर गॅलरी धुतली).

चकतीच्या मागे मी पहिल्यांदाच बघत होते. फरशीला पाडलेलं भोक पाइपाच्या दुप्पट, तसंच उघडं सोडलेलं. आत टॉर्च मारला. सुरुवातीला काही नाही. मग पाइपाच्या खालच्या अंगाला एक चकाकी दिसली, आणि डोळा सरावल्यावर कळलं की ती चकाकी हलतेय. शिवणाच्या दोऱ्याएवढी धार. बाहेर न येता पाइपाच्या पोटाला चिकटून मागे, भिंतीच्या आत जात होती. पाइप किंचित आतल्या बाजूला उतरता बसवलाय, म्हणून. बाथरूमच्या बाजूला त्याचा मागमूस नाही. कॉक बंद केला की धार बंद.

शॉवरचा एल्बो कॉकच्या पुढे असतो, म्हणून त्यात पाण्याचा दाब फक्त शॉवर चालू असताना येतो. खालच्या नळाचा सांधा असा गळत असता तर चोवीस तास गळून चार दिवसांत उघडा पडला असता. हा रोज वीस मिनिटंच गळायचा, आणि भिंत चार इंची, त्यात पाइपासाठी झिरी मारलेली. पाइपापासून बेडरूमच्या गिलाव्यापर्यंत अंतर दोन इंच.

सहा हजार रुपये. नवऱ्याला दाखवलं. त्याने टॉर्च धरून बघितलं आणि म्हणाला, "काकूंना सांगायची काही गरज नाही."

३ मे, शनिवार

कॉक बंद होताच, तरी गच्चीवरून येणारा आमच्या बाथरूमचा व्हॉल्व्हही बंद केला. शॉवरचा आर्म फिरवायला घेतला. तो सुटायचा सोडून मागचा एक्सटेन्शन निपलच (लांबी वाढवायचा जोडतुकडा) त्याच्यासकट फिरत फिरत बाहेर आला. पाना लागला नाही. हाताने.

निपल इथे का आहे, ते आत्ता कळलं. २०१९ मध्ये बाथरूम केलं तेव्हा जुन्या फरश्या फोडायचा त्रास नको म्हणून फरशीवर फरशी बसवली. भिंत जवळपास एक इंच पुढे आली आणि जुना एल्बो तेवढा आत गेला. आर्म पोचेना, म्हणून मध्ये इंचभर पितळी निपल. एका सांध्याचे दोन सांधे झाले. फरशीवर फरशी हे काम स्वस्त आणि झटपट होतं, मी स्वतः मागे लागून करून घेतलं होतं. आता कुणी विचारलं तर सांगेन, कर, पण त्या भिंतीत जेवढे नळ आहेत तेवढे निपल मोजून ठेव.

निपलच्या आट्यांवर टेफ्लॉनचे मोजून तीन वेढे. त्यातला एक फाटून आट्यांच्या बाहेर लोंबत होता, जुन्या पतंगाच्या दोरीसारखा.

हार्डवेअरच्या दुकानात गेले. "हाफ इंची एक्सटेन्शन, एक इंच लांबीचं. पितळीच द्या, जड बघून." शेठने दोन दाखवले, एक ६५ रुपयांचा, एक ११० चा. हातात धरल्यावर फरक कळतो. ११० चा घेतला. टेफ्लॉनच्या दोन गुंडाळ्या, ४० रुपये.

घरी आल्यावर एल्बोच्या आतल्या आट्या जुन्या टूथब्रशने साफ केल्या. टेफ्लॉन गुंडाळताना आट्यांचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ओढून गुंडाळायचं. उलट गुंडाळलं तर बसवताना टेप उलगडून गोळा होते. बारा वेढे दिले. निपल बसवला, आर्म बसवला, कसला. घट्ट झाला तेव्हा आर्मचं तोंड घड्याळातल्या दहाच्या काट्यासारखं तिरकं. शॉवर थेट बाथरूमच्या दारावर पडणार. पाव फेरा मागे घेऊन सरळ केला. छान दिसला.

४ मे, रविवार

छान दिसला आणि गळला. पाइपाभोवती कोरड्या वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळून ठेवली होती, शॉवर सोडल्यावर पाच मिनिटांत कागद काळा पडला.

चूक कळायला चहाचा एक कप लागला. टेफ्लॉनचा सांधा एकदा कसला की मागे फिरवायचा नाही. आट्यांत दाबून बसलेली टेप मागे फिरवताना सुटते, तिथून पाणी वाट काढतं. तोंड सरळ येत नसेल तर पूर्ण काढायचं, वेढे कमी-जास्त करायचे आणि पुन्हा बसवायचं. माझी पक्की शंका आहे की २०१९ मध्ये हेच झालं असणार. त्यानेही कसला असेल, तोंड तिरकं आलं असेल, त्यानेही पाव फेरा मागे घेतला असेल. कारागीर म्हणून मी त्याला नावं ठेवत होते, काल मी स्वतः तेच केलं.

पुन्हा सगळं काढलं. या वेळी निपल आधी एकटा बसवला, चौदा वेढे, पूर्ण कसून. मग आर्मला त्याचे वेगळे वेढे. पहिल्यांदा दहा दिले तर तोंड सरळ यायच्या आतच जाम झाला. काढला, आठ दिले. सरळ येऊन घट्ट झाला. कागदाची नवी पट्टी. चिरंजीवांना सांगितलं, जा, मनसोक्त आंघोळ कर. अर्ध्या तासाने बाहेर आले. कागद कोरडा, त्यावरची कोड्याची चौकटसुद्धा वाचता येत होती.

११ मे, रविवार

आठवडाभर रोज नवा कागद, रोज कोरडा. आज भोक पांढऱ्या सिमेंटने भरलं आणि चकती बसवली. चकतीच्या कडेला सिलिकॉन लावताना वरचा अर्धा गोल बंद केला, खालचा मुद्दाम मोकळा ठेवला. परत कधी गळलं तर पाणी बाथरूममध्ये टपकावं, बेडरूमला कळायच्या आधी मला कळावं.

डागावर चौथी रेघ मारायला गेले तर मारायला जागाच नव्हती. डाग तिसऱ्या रेघेच्या आत सरकलाय. भिंतीवर लोणा आलाय, पांढरा, कापसासारखा. तो ओल्या फडक्याने पुसायचा नाही, पुसला की पाण्यात विरघळून परत आत जातो. कोरड्या ब्रशने झाडून कागदावर घेतला आणि फेकला.

फ्लशची टाकी: रात्री टाकीत कपड्यांची नीळ टाकली आणि अर्धा तास कुणाला जाऊ दिलं नाही. भांड्यात निळा ओघळ उतरला, म्हणजे तळाचा वायसर गेलाय. बदलला, ३५ रुपये. सुस्कारे बंद.

१८ मे, रविवार

काका-काकू आले. जिन्यात आंब्यांचा वास. संध्याकाळी काकूंनी सहा आंबे पाठवले, रायवळ. मी डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून त्यात चिवडा घातला. सांगितलं काहीच नाही.

२६ मे, सोमवार

खिडकीचं काम मृगावर ढकललं होतं, ७-८ जूनपर्यंत वेळ आहे म्हणून. मृग कसला! शनिवारी, २४ तारखेला मान्सून केरळात आला आणि आज हवामान खात्याने तो मुंबईत आल्याचं जाहीर केलं. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. सोळा दिवस आधी. सकाळी गाड्या रखडल्या, मी अर्ध्या वाटेतून परत आले, आणि घरात पाऊल टाकलं तर सासूबाई सोफ्यामागे पोछा घेऊन बसलेल्या.

खिडकीच्या खालच्या पट्टीत, म्हणजे ज्यात काचा सरकतात त्या तीन खाचांत, पाणी काठोकाठ भरलं होतं आणि आतल्या काठावरून भिंतीवर ओघळत होतं. गेल्या वर्षी मी याला 'खिडकी गळते' म्हटलं होतं. खिडकी गळत नव्हती, तुंबली होती. ॲल्युमिनियमच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने तळाशी छोटी भोकं असतात, पाणी निघून जायला. आमची तीनही भोकं बंद. एकात मातीचा कुंभारमाशीचा किल्ला, दोनांत रंगाऱ्याने सिलिकॉन भरलेलं. त्याला वाटलं असेल, भोक दिसतंय, बुजवून टाकू, ताई खूश होतील.

भर पावसात बाहेर वाकायचं नाही हे ठरलेलं. सायकलच्या चाकाची जुनी तार टोकाला वाकवून आतूनच, खाचेतून भोकात घातली आणि ढोसली. किल्ला लगेच पडला. सिलिकॉनला तार तापवून लावावी लागली. तिसरं भोक मोकळं झालं त्या क्षणी आवाज आला, मोरीतून पाणी जाताना येतो तसा, आणि डोळ्यांदेखत खाच रिकामी झाली. सासूबाई म्हणाल्या, "एवढंच होतं?" गेल्या वर्षी याच खिडकीसाठी एकाने मला चौकट बदलण्याचे अठरा हजार सांगितले होते.

खर्च: शून्य. सोफा मात्र पुन्हा ओला.

८ जून, रविवार

भिंत वाळेना. आत पाणी येत नाहीये, पण बाहेरची हवाच इतकी ओली की आतलं बाहेर पडत नाही. डाग ११ मेपेक्षा लहान आहे, पहिल्या रेघेच्याही आत, पण फॉइल लावलं तर पुसट वाफ धरतंच. रंगाऱ्याला बोलावलं होतं, तो म्हणाला, "वॉटरप्रूफ लांबी (पुट्टी) मारून देतो, दोन दिवसांत दिसणार नाही." हेच नको. ओल्या भिंतीवर लांबी आणि रंग चढवला की आतला ओलावा कोंडतो आणि दोन महिन्यांत पापुद्रे सुटतात. त्याला चहा देऊन परत पाठवला. दसऱ्यानंतर बघू. तोवर रेघांसकट भिंत तशीच. पाहुणे विचारतात, मी समजावून सांगते. नवऱ्याच्या मते जरा जास्तच समजावून सांगते.

इलेक्ट्रिशियन येऊन गेला. अकरा बटणांपैकी चार न्यूट्रलवर होती. फिरवून दिली.

२९ जून, रविवार

बाथरूमचं दार ठरल्याप्रमाणे फुगलं. दरवर्षी जुलैत रंधा मारून घेतो आणि जानेवारीत दाराला बोटभर फट पडते. या वेळी दाराच्या कडेला खडू फासला आणि दार लावून बघितलं, चौकटीला खडू कुठे लागतो ते. फक्त वरच्या कोपऱ्यात, टीचभर. म्हणजे फुगण्यापेक्षा दार थोडं झुकलंय. वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू पोकळ फिरत होते. भोकात फेव्हिकॉल लावलेल्या आगपेटीच्या काड्या ठोकल्या, रात्रभर वाळू दिल्या, तेच स्क्रू परत कसले. दार वर उचललं गेलं. राहिलेल्या घासणीला मेणबत्ती फासली. रंधा काढलाच नाही.

दाराची वरची आणि खालची कड मात्र कोरी आहे, कुणीच कधी रंग लावलेला नाही. लाकूड पाणी पितं ते तिथूनच. हे उन्हाळ्याच्या यादीत.

६ जुलै, रविवार, आषाढी

उपासाची खिचडी घेऊन वर गेले. खिचडीचं निमित्त होतं. वही सोबत घेतली होती, ती का घेतली ते मलाही नीट सांगता येणार नाही. पुरावा म्हणून असेल. स्वतःविरुद्धचा.

काकूंना सगळं सांगितलं. माळा, कोरडी भिंत, शॉवर, निपल, तीन वेढे. काकांनी पेपर बाजूला ठेवला. काकू खिचडीतले दाणे एकेक करून खात ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे माझ्याकडचं नव्हतंच."

"नव्हतं. चूक माझी झाली, काकू. पत्र मी दिलं होतं. सहा हजार मी देते."

"आणि हे तुला कधी कळलं?"

"एक मेला."

त्या काही बोलल्या नाहीत. बोटांवर महिने मोजल्यासारखं केलं. काकाच म्हणाले, "अहो, सांधे तसेही भरायला झालेच होते, तीस वर्षांचे." काकूंनी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की त्यांनी पेपर परत उचलला.

"पैसे निम्मे दे," काकू म्हणाल्या. "निम्मं काम माझंही झालं. आणि सोसायटीला दुसरं पत्र दे. पहिलं दिलं होतंस तसंच, सही करून." मग उठता उठता, "ती निळीची भानगड काय म्हणालीस? आमची टाकीही रात्री आवाज करते."

नीळ त्यांच्याकडेच होती. टाकली. अर्धा तास थांबायचं म्हणून दुसऱ्यांदा खिचडी वाढली गेली. नंतर तिघंही संडासाच्या दारात उभे राहून आत बघत होतो. भांड्याच्या मागच्या बाजूने निळी रेघ हळूहळू खाली येत होती.

उद्या: सोसायटीचं पत्र. तीन हजार. फ्लशचा वायसर एक, ३५ रुपये, वरच्यांसाठी.